बांधापुढची तिवरं काढून तिथलीच माती बांधाला घालू नका

उधाणात खाडीचं खारं पाणी अडवणाऱ्या तुमच्या बांधाला खांड पडली, म्हणजे तो मध्येच फुटला. ठेकेदार म्हणतो, पुढचा तिवरांचा (कांदळवनातल्या झाडांचा) पट्टा साफ करू आणि तिथलीच माती उचलून बांधावर टाकू. त्यातच गेल्या पावसाळ्यात लावलेली कांदळाची रोपं सगळी मेली. तुमचं हे वाचून राहवलं नाही, कारण ही सगळी दुखणी त्या पुढच्या पट्ट्याशीच जोडलेली आहेत.

कांदळवन लाट मोडतं, कोळंबी-चिंबोरीची पिल्लं त्यात वाढतात, हे खाडीकाठच्या माणसाला मी काय सांगणार. ठेकेदारापुढे मात्र एक आकडा ठेवा: 100 मीटर रुंदीचं कांदळवन लाटेची उंची 13 ते 66 टक्के कमी करतं, असं मोजमापांत दिसलेलं आहे. झाडी किती दाट आणि पाणी किती खोल, यावर तो फरक पडतो. तुमचा पट्टा अरुंद असेल तर एवढी अपेक्षा धरू नका. पण माझ्या मते लाटेपेक्षा मोठा फायदा गाळाचा. तिवराच्या श्वसनमुळांत पाणी मंदावतं, गाळ बसतो आणि बांधाचा पायथा फुकटात वर येत राहतो. पायथा उंच तर बांधावर पाण्याचा भार कमी.

आता मातीचं. अंदाजपत्रकात माती वाहून आणण्याचं अंतर, म्हणजे 'लीड', कमी दाखवलं की काम स्वस्त दिसतं. आमच्याकडे एका कार्यालयाने नेमकं हेच केलं. लीड जवळपास शून्य, म्हणजे पोकलेन बांधाच्या पायथ्याशीच उभा करून समोरची माती वर टाकायची. हरकत लेखी दिली, तर 'मंजूर अंदाजपत्रकात बदल करता येत नाही' एवढंच उत्तर. बांध उंच झाला, फोटो निघाले, बिल निघालं. पुढच्या मोठ्या उधाणात बांध जिथे खोदलं होतं तिथेच बाहेरच्या अंगाला घसरला. आणखी एक खरीप खाऱ्या पाण्यात गेला. याचा राग अजून आहे, म्हणून एवढं लिहितोय.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे बैठकीत बोलता येईल. भरतीत बांध पाणी पिऊन जड होतो. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की बाहेरचं पाणी झपाट्याने उतरतं, पण चिकणमातीतलं पाणी तेवढ्या वेगाने निघत नाही. त्या वेळी बाहेरून टेकू असतो तो फक्त पायथ्याच्या मातीचा. तीच खणून नेली तर बांध खड्ड्यात बसणारच. शिवाय बांधाला समांतर सलग चर पडला की ओहोटीचा ओढा त्यातून धावायला लागतो आणि पायथा कुरतडतो. माती घ्यायचीच तर आतल्या बाजूने घ्या, बांधापासून निदान 10 मीटर सोडून, आणि सलग चर न खणता मध्ये आडवे पट्टे राखून.

एक गोष्ट बहुतेक जण बघत नाहीत. तिवराखालची काळपट, गंधकाचा वास येणारी माती सुकली की आम्ल होऊ शकते. मग बांधावर गवत धरत नाही आणि पहिल्या पावसात माती धुपते. ओंजळभर ओली माती घेऊन तिचा सामू (pH) मोजा, ती किंचित ओलसर ठेवून आठ आठवडे हवेवर राहू द्या आणि पुन्हा मोजा. सामू 4 च्या खाली गेला तर ती माती बांधाच्या वरच्या थराला वापरू नका.

खांड बुजवायची ती भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, कारण तेव्हा पाण्याचा चढउतार सर्वांत कमी असतो. जिथे पाण्याने खोल डोह पाडलाय तिथे सरळ रेषेत भर टाकू नका, माती गिळली जाते. डोहाला आतल्या बाजूने वळसा घालून बांध न्या. बांबूच्या दोन ओळी, मध्ये पेंढा आणि चिकणमाती, थराथराने तुडवून. माती बसते, म्हणून हव्या उंचीपेक्षा एक पंचमांश जास्त ठेवा. खेकड्याच्या बिळाचं नुसतं तोंड बुजवून उपयोग नाही, बीळ शेवटपर्यंत उकरून ओल्या मातीने ठासायचं.

आणि उशीर करू नका. शेतात खारं पाणी पावसाळाभर खेळत राहिलं की तिवराचं बी आत येऊन रुजतं, आणि मग तुमच्याच शेतातली ती झाडंही तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवन तोडता येत नाही, आणि भोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकाम किंवा भराव टाकण्यावरही बंदी आहे. म्हणजे ठेकेदाराने तुमच्यासमोर तिवर तोडला तर गुन्हा तुमच्याही अंगावर येऊ शकतो. मी वकील नाही, पण परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय कोयता लावू देऊ नका. दुरुस्तीलाही परवानगी लागेल का, हे आधी लेखी विचारा.

मेलेल्या रोपांबद्दल. तुम्ही लिहिलंय की 'रिकाम्या चिखलात' लावली. तो चिखल रिकामा आहे कारण तिथे पाणी फार वेळ राहतं. कांदळवनाची जागा साधारण सरासरी समुद्रपातळीच्या वर, मोठ्या उधाणाच्या रेषेपर्यंत. एकूण वेळेच्या 30 टक्क्यांहून जास्त काळ बुडणाऱ्या जागी रोप गुदमरतं, खोडाला कवचधारी जीव चिकटून ते वाकतं. नैसर्गिक तिवरांची सर्वांत खालची रेषा बघा, तिच्याखाली एकही रोप लावू नका. खरं तर लावूच नका असं माझं मत. पाणी येण्याजाण्याची वाट मोकळी करा, तुंबलेला मोरीचा पाइप किंवा भराव काढायला लावा, बी आपोआप येतं. रोपं मोजून लावण्याच्या कार्यक्रमात ती जगली का हे क्वचितच कोणी मोजतं.

भाताचं विचारलं नाहीत तरी सांगतो: खांड बुजल्यावर पहिल्या पावसांचं पाणी शेतात साठवून चिखलणी करा आणि ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) सोडा, असं दोन-तीनदा. मग पनवेल 1, 2, 3 या खार सहन करणाऱ्या भाताच्या वाणांपैकी एक घ्या. गोड्या जमिनीचं बियाणं त्या वर्षी नको.

सुकतीच्या वेळी बांधाचा बाहेरचा पायथा आणि उघाडीची झडप, दोन्हींचे फोटो टाका. झडप भरतीला पूर्ण बसत नसेल तर पाणी खांडीतून येतंय की तिथून, हे आधी बघावं लागेल.