कॅटच्या (एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या) डीआयएलआरमध्ये, म्हणजे डेटा इंटरप्रिटेशन आणि लॉजिकल रीझनिंगच्या भागात, सेट (एकाच माहितीवरच्या प्रश्नांचा गट) सुटतच नाहीत, रोज किती सेट सोडवावेत?

रोज किती हा हिशोब आधी सोडा. मी पहिल्या वर्षी रोज सहा-सहा सेट घासायचो, वही भरली की बरं वाटायचं आणि मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, परत तेच, एकाच सेटला पंचवीस मिनिटं चिकटून बसायचं आणि शेवटी हातात भोपळा. तुम्ही लिहिलंय की सोल्युशन बघितलं की कळतं पण स्वतःहून सुचत नाही, अहो माझंही तिथंच अडायचं, कारण अर्धं वाचून होत नाही तोवर टेबल आखायला घ्यायचो आणि साधी बेरीज करायची राहून जायची.

हे बघा. चार टीम, प्रत्येकीची प्रत्येकीशी एक मॅच, जिंकली की ३ गुण, बरोबरी झाली की दोघींना १-१. शेवटी अ ७, ब ५, क ३, ड १. कोणी कोणाला हरवलं काहीच दिलेलं नाही. पूर्वी मी लगेच केसेस पाडत, म्हणजे एकेक शक्यता धरून बघत बसलो असतो. आता आधी बेरीज, १६. मॅच ६, सगळ्या निकाली लागल्या असत्या तर १८ झाले असते, एका बरोबरीत एक गुण कमी होतो, म्हणजे बरोबरीच्या मॅच फक्त २. आता ७ म्हणजे दोन विजय एक बरोबरी, ५ म्हणजे एक विजय दोन बरोबरी, ड चा १ तर बरोबरीचाच, दोन मॅचचे चार हिस्से इथंच संपले. मग क चे ३ एका विजयाचे. ब ची बरोबरी अ आणि ड शीच होऊ शकते, म्हणजे ब ने क ला हरवलं, अ ने क आणि ड दोघांना, आणि उरलेली मॅच क ने ड वर मारली. सहाच्या सहा उलगडल्या, एकही केस न पाडता!

सेट निवडणं हा दुसरा घोळ. वेळ ४० मिनिटं, २०२४ ला २२ प्रश्न होते ५ सेटमध्ये, सगळे सोडवायचे म्हटलं तर आठ मिनिटांत एक, ते भल्याभल्यांना जमत नाही. त्यामुळे पहिली चार-पाच मिनिटं पेन खाली ठेवून पाचही नुसते वाचा. दहा मिनिटांत एकही रकाना पक्का भरला नाही तर सोडून द्या, जीव तुटतो पण सोडा. आणि टाइप करून उत्तर द्यायच्या प्रश्नाला निगेटिव्ह नसतं, तो कोरा ठेवून येऊ नका.

न सुटलेल्या सेटच्या सोल्युशनची पहिली ओळ तेवढी वाचायची, बाकी झाकायचं, आणि चार दिवसांनी कोऱ्या कागदावर परत तोच सेट. मी रोजचे सहा सोडून दोनवर आलो ते यामुळेच.

सुडोकू सोडवून फायदा होतो का विचारलंत ना, मी वर्षभर लोकलमध्ये सोडवायचो. सुडोकू फार भारी सुटायला लागलं, मॉकचे मार्क होते तिथंच.