जिथं मायक्रॉन लागतो तिथंच लाव

भावा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशिनवर नवीन आहेस, समजू शकतो. पण रोज उशीर होतोय तो कामाच्या ढिगामुळं नव्हे, प्रत्येक मापावर सारखाच जीव टाकतोस म्हणून.

ड्रॉइंग हातात आलं की आधी टॉलरन्स वाच, म्हणजे माप किती इकडंतिकडं चालतं ते. बेअरिंग बसायचं बोअर (भोक) 52 एच7 असेल, म्हणजे व्यास 52 मिलिमीटर आणि टॉलरन्सचा दर्जा एच7, तर मुभा शून्य ते अधिक 30 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिथं भोक मोजायचं बोअर गेज दोनदा लाव, कुणी कितीही घाई केली तरी. त्याच पार्टची 80 मिलिमीटरची मोकळी लांबी आयएसओ 2768 मीडियमनुसार (सर्वसाधारण मापांच्या मुभेचा मध्यम दर्जा) असेल, तर ±0.3 मिलिमीटर चालतं. 79.8 आलं? सोड पुढं. ते 80.00 करायला ऑफसेट (मशिनमधली टूलची सेटिंग) बदलत बसलास तर मशिन उभं राहतं, आणि गिऱ्हाईक त्याचा एक रुपया जास्त देत नाही.

मापांच्या रिपोर्टचे रकाने रंगवत बसायची हौसही आवर. (ते कुणी बघत नाही रे.)

आणि पहिला पीस निघाला की लगेच साहेबांना दाखव, शंका असतील तर शंकांसकट. ‘सगळं नीट करूनच दाखवतो’ म्हणशील, तोवर पन्नास पीस स्क्रॅपमध्ये गेलेले असतात.