वस्तू दान दिल्यात, आता कागद जपा

आधी एक बघा: अमेरिकेत आयकर भरताना स्टँडर्ड डिडक्शन (खर्च न मोजता मिळणारी ठरावीक वजावट) घेणार असाल तर वस्तुदानाची वजावट मिळतच नाही. शेड्यूल ए (एकेक वजावट वेगळी नोंदवायचा फॉर्म) भरणार असाल तरच पुढचं वाचा.

किंमत धरायची ती वापरलेला माल म्हणून आज जी येईल ती. कोट नवा घेताना कितीला पडला, ते विसरा. दान घेणारी संस्था सहसा पावतीवर आकडा घालत नाही. तो तुम्ही ठरवायचा आणि कर खात्याच्या तपासणीत उत्तरही तुम्हीच द्यायचं. म्हणून पिशव्या बांधायच्या आधी सगळं पलंगावर पसरून फोटो काढा. यादीत 'कपडे, ३ पिशव्या' असलं मोघम नको. 'पुरुषांचा लोकरी कोट, अस्तर शाबूत, चेन चालू' असं लिहा. फाटकं-विटकं त्यात घुसडू नका.

एका वेळचं दान २५० डॉलर किंवा जास्त असेल तर रिटर्न भरण्याआधी संस्थेचं पत्र हातात हवं, बदल्यात काही मिळालं का याच्या उल्लेखासह. लोक इथेच अडकतात: नोटीस आल्यावर मागवलेलं पत्र ग्राह्य धरत नाहीत. एकूण वस्तुदान ५०० डॉलरवर गेलं की रिटर्नला फॉर्म ८२८३ (वस्तुदानाच्या तपशिलाचा) जोडा. एकसारख्या वस्तू ५,००० डॉलरवर गेल्या तर बहुतेक वेळा मूल्यांकनकाराचा अहवालही लागतो.