जादू सापडण्याआधीची मुलगी
तुमच्या किशोरांसाठीच्या जादूच्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे वाचली आणि एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटली: जादू सापडण्यापूर्वी नायिका कशासाठी तळमळते, हे वाचकाला कळू द्या, कारण १२ ते १८ वयाचा वाचक जादूच्या नियमांपेक्षा तिच्या कोंडमाऱ्याशी आधी नाते जोडतो. तिच्या हातातला दिवा प्रथमच आपोआप पेटतो, तेव्हा प्रकाशाचे वर्णन थोडक्यात आटोपा. बोटाला बसलेला चटका, आईपासून लपवलेला फोड आणि पुन्हा करून पाहण्याची अनावर ओढ यांवर मात्र रेंगाळा. जादूची किंमतही, म्हणजे ती वापरल्याबद्दल नायिकेला काय सोसावे लागते हेही, तिथेच ठरवा. हे ठरवणे पुढे ढकलले, तर शेवटच्या संकटात कोणताही मंत्र चालून जातो आणि (हे मी स्वतः भोगले आहे) अख्खे हस्तलिखित नव्याने लिहावे लागते. सर्वज्ञ गुरूला शक्य तितके उशिरा आणा, नाहीतर तिचे सगळे प्रश्न तोच सोडवून टाकील.