काटा मध्यावर, इंजिन मात्र तापलेलं

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक जुनी आहे. चावी फिरवली की इंजिन गार असतानाच रेडिएटरचा फॅन फुल स्पीडला सुरू होतो, एसी बंद असला तरी. टेम्परेचरचा काटा तळाशीच राहतो आणि चेक इंजिनचा दिवा पेटलेला असतो. गॅरेजवाले फॅनची मोटर बदला म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. फॅन फुल स्पीडला फिरतोय म्हणजे मोटर ठणठणीत आहे. दोष बहुधा कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) टेम्परेचर सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे.

हा सेन्सर तापत जाईल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याला ५ व्होल्ट पुरवतो आणि परत दिसणाऱ्या व्होल्टेजवरून तापमान काढतो. वायर तुटली किंवा कनेक्टरची पिन हिरवी पडली की सर्किट तुटतं आणि ईसीयूला तापमान उणे ४० अंश दिसतं. हे आकडे खोटे आहेत हे त्याला कळतं. मग इंजिन वाचवण्यासाठी तो फॅन सतत चालू ठेवतो. स्कॅनर (ईसीयूमधले दोषांचे कोड आणि आकडे वाचणारं यंत्र) लावला तर पी ०११८ हा कोड सापडेल. वायर शॉर्ट झाली असती तर पी ०११७ आला असता आणि तापमान १३०-१४० च्या घरात दिसलं असतं.

आता तपासणी. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी सुरू न करता, नुसती चावी ऑन करून स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहा. दोन्ही आकडे चार-पाच अंशांच्या आत जुळले पाहिजेत. कूलंटचा आकडा उणे ४० असेल तर चावी बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढा, पुन्हा ऑन करा आणि वायरच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये मल्टीमीटर लावा. ५ व्होल्टच्या आसपास मिळाले तर तिथपर्यंतची वायर ठीक आहे. त्याच दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या आणि स्कॅनरवरचा आकडा एकदम वर उडाला, तर ईसीयूही ठीक आहे. मग उरतो तो सेन्सर. त्याचा रेझिस्टन्स बऱ्याच गाड्यांत २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ८० ला ३०० च्या आसपास आणि १०० ला २०० हून थोडा कमी असतो. तुमच्या मॉडेलचा तक्ता मिळाला तर तोच धरा. नवा सेन्सर गार इंजिनवरच बसवा, ओ-रिंग नवी घाला आणि सांडलेलं कूलंट भरून हवा काढा.

एक सावधगिरी: असा फॅन कधीही सुरू होऊ शकतो. त्याच्या आसपास हात घालण्याआधी फॅनचा कनेक्टर काढून ठेवा.

प्रश्न : पसरणी घाट चढताना काटा लाल रेषेपर्यंत गेला आणि मग आपोआप खाली आला. बरं झालं म्हणून गाडी तशीच पुढे नेली, तर थोड्याच वेळात बोनेटमधून वाफ निघाली. काटा खाली असताना इंजिन तापलं कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काटा खाली आला तीच खरी धोक्याची खूण होती. सेन्सरचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असेल तरच तो खरं सांगतो. कूलंट कमी झालं की टोक वाफेच्या किंवा हवेच्या पोकळीत लटकतं आणि आकडा घसरतो, इकडे इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, मात्र तापतच राहतं. काटा वर जाऊन कारणाशिवाय झपकन उतरला तर गाडी तिथेच थांबवायची. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही.

कूलंट गेलं कुठे याचा शोध झाकणापासून सुरू करा. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. १.१ बार दाब टिकला तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या पुढे जाऊन उकळतं. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर बसलं की दाब टिकत नाही, आणि पसरणी घाटाच्या माथ्यावर, पाचगणीच्या १३०० मीटर उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. बऱ्याच गाड्यांत फॅन सुरू होतो तोच ९५ ते १०० च्या दरम्यान! म्हणजे फॅनची पाळी येण्याआधीच आत उकळी फुटलेली असते. काही शे रुपयांचं झाकण, पण हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यातलं सील) उडवायला पुरेसं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उकळबिंदू आणखी वर जातो. बोअरचं पाणी मात्र घालू नका, क्षार बसून रेडिएटरच्या नळ्या तुंबतात.

झाकण, होज पाइप आणि वॉटर पंप यांची प्रेशर टेस्टरने तपासणी करून घ्या. गाडी एकदा तापलीच आहे, तेव्हा हेड गॅस्केटचीही करा: इंजिन चालू असताना रिझर्व्ह टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर शंका पक्की. नंतर कूलंट भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा आणि हीटर पूर्ण गरमवर, नाहीतर हवेची पोकळी राहते आणि सेन्सर पुन्हा फसतो.

आणखी एक. अनेक गाड्यांत काटा मुद्दामच ‘सुस्त’ ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांत तो मध्यावरून हलत नाही, म्हणजे ग्राहक उगाच घाबरत नाही. घाटात खरा आकडा हवा असेल तर ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर जोडतात तिथे) ब्लूटूथ अडॅप्टर लावून मोबाइलवर पाहा.

प्रश्न : जुनी डिझेल जीप. हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा वर सरकतो, बंद केले की खाली.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दिवे लावल्याने इंजिन तापत नाही, हा अर्थिंगचा, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीचा दोष आहे. दिवे चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात व्होल्टेज मोजा, मग निगेटिव्ह आणि डॅशबोर्डची अर्थ वायर यांच्यात. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसेल ती जोडणी खोलून घासा. एका वायरचा सेन्सर असेल तर त्याचं अर्थिंग आट्यांतूनच जातं. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर काढून टाका. डिझेलचा काटाही सोबत हलत असेल तर मीटरमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर पाहा.

प्रश्न : गाडी सारखी तापते. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढू आणि फॅन डायरेक्ट करू, म्हणजे तो सतत चालू राहील, कटकट मिटेल.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मिटणार नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गार असताना कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह; तो नसला की इंजिन वेळेत तापत नाही, ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि पी ०१२८ कोड येतो. डायरेक्ट केलेल्या फॅनचे ब्रश लवकर झिजतात आणि ते बंद पडल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आधी एसी लावून पाहा. एसीवर फॅन फिरतो, पण ताप चढल्यावर फिरत नाही, तर मोटर चांगली आहे; सेन्सर तपासा. एसीवरही फिरत नसेल तर फ्यूज पाहा, मग हॉर्नचा तसाच रिले (विजेवर चालणारा स्विच) काढून फॅनच्या जागी लावून बघा.