बुद्धमूर्ती घडवणारे 'यवन' कोण?

प्रश्न असा आहे : गांधार (आजचा पेशावर-तक्षशिलेचा भाग) इथल्या शिल्पांवरच्या एका लेखात 'यवन शिल्पींचा प्रभाव' असं वाचलं. बुद्धाच्या मूर्तीशी मुसलमानांचा काय संबंध? आणि या शिल्पांच्या शैलीला लावला जाणारा 'ग्रीको-बौद्ध' हा शब्द मराठीत चालावा का?

गोंधळ होणारच. बखरींपासून आपल्या कानाला यवन म्हणजे मुसलमान असंच वळण पडलंय. पण शब्द इस्लामच्या कितीतरी आधीचा. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे आयोनियन ग्रीक इराण्यांना आधी भेटले, म्हणून सगळेच ग्रीक त्यांच्या लेखी 'यौन' झाले. आपल्याकडे संस्कृतात यवन, पालीत योन. अशोकाच्या शिलालेखांत अंतियोक (अँटिओकस) हा ग्रीक राजा 'योनराजा' आहे. व्याकरणकार पाणिनीच्या सूत्रात 'यवनानी' हे रूप सिद्ध होतं, आणि ती यवनांची लिपी, असं त्याचा वार्तिककार कात्यायन सांगतो. पाणिनीचं गाव शलातुर गांधारातलंच, तेव्हा ही ओळख ऐकीव नसावी. पुढे वायव्येकडून येणारा कुणीही परका यवन ठरत गेला आणि शेवटी अर्थ मुसलमानांवर येऊन थांबला. (युनानी दवाखान्यातला 'युनानी' हा याच शब्दाचा भाऊ, तो फारसी-अरबी वाटेने आला, एवढंच.)

लांब कशाला, कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन खांब बघा. धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दिलेले खांब तिथे आहेत, 'यवनस' असं ब्राह्मीत कोरलेलं. नाशिकच्या लेण्यांत उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाचा लेख आहे. नाव पाहा, बापाचं नाव धम्मदेव!

म्हणजे 'यवन शिल्पी' हा प्रयोग व्युत्पत्तीने बरोबर. तरी मी तो वापरणार नाही. अर्थ बदललाय हे एक कारण. दुसरं असं की गांधारची बहुतेक शिल्पं कुषाण राजांच्या काळातली (इसवी सनाची पहिली काही शतकं) आणि त्यानंतरची, आणि तोवर तिथली ग्रीक राज्यं संपली होती. करड्या शिस्ट दगडातल्या बुद्धाचं चुण्याचुण्यांचं वस्त्र आणि लाटांसारखे केस ग्रीक-रोमन वळणाचे. शेजारचा वज्रपाणी, म्हणजे बुद्धाचा वज्रधारी रक्षक, तर कधीकधी चक्क सिंहाचं कातडं पांघरलेला ग्रीक वीर हेराक्लीस. पण छिन्नी कुणाच्या हातात होती, हे त्यावरून ठरत नाही. पेशावर, स्वात, तक्षशिला इथले स्थानिक कारागीर परंपरेने हीच घडण शिकले असतील.

'ग्रीको-बौद्ध'मधला 'ओ' युरोपीय समासाचा. मराठीत त्याला काम नाही. 'ग्रीक-बौद्ध' म्हणा. पण त्यात कुषाण, शक, पार्थियन हे तिथले इतर राज्यकर्ते सगळेच गळतात, म्हणून माझी पसंती साध्या 'गांधार शैली'ला. जुना उतारा देताना 'यवन' ठेवायचाच असेल, तर पहिल्या ठिकाणी कंसात 'ग्रीक' लिहावं.