फ्लोराईडला दाद न देणारे जंतू

प्रश्न असा आहे: दात किडवणारे जे जीवाणू फ्लोराईडला जुमानत नाहीत, त्यांना ‘फ्लोराईड-प्रतिरोधक’ म्हणावं की ‘फ्लोराईड-प्रतिरोधी’?

‘प्रतिरोधी’ त्यातल्या त्यात बरा. ‘जीवाणूंची प्रतिकारशक्ती वाढली’ हे मात्र कृपा करून थांबवा. प्रतिकारशक्ती रोग्याची असते, जंतूंची कसली? ‘जंतूंना फ्लोराईडची सवय झाली’ हेही तसंच. सवय एकाच जिवाला लागते. इथे एखाद्या पेशीच्या डीएनएत बदल होतो, ती तगते, बाकीच्या मागे पडतात आणि पुढे तिचीच प्रजा माजते.

पण माझं खरं भांडण ‘रोध’शी आहे. रुध् म्हणजे अडवणं. जलरोधक कापड पाणी अडवतं, तसा फ्लोराईड-रोधक जीवाणू फ्लोराईड अडवतो असा अर्थ निघतो, आणि नेमकं तेच तो करत नाही. दातावरचा स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स साखरेपासून आम्ल तयार करतो. त्या आम्लामुळे फ्लोराईडला प्रोटॉन चिकटतो, हायड्रोजन फ्लोराईड तयार होतं आणि ते पेशीच्या पटलातून सहज आत शिरतं. आत आम्लता कमी, म्हणून तिथे ते फुटतं. सुटा फ्लोराईड आयन विद्युतभारित असल्याने आपसूक परत बाहेर पडू शकत नाही. तो साखर पचवण्याच्या साखळीतल्या इनोलेज या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, काम बिघडवतो. म्हणजे शत्रूला आत आणतं ते जंतूचंच आम्ल. दार अडवायची सोयच नाही. उपाय एकच, आत आलेल्याला बाहेर काढणं. त्यासाठी पटलात प्रथिनं असतात. काही जातींत फ्लोराईडपुरतीच वाट देणारी ‘फ्लूक’ नावाची वाहिनी असते. म्यूटन्सकडे एक प्रोटॉन आत घेऊन त्या बदल्यात फ्लोराईड बाहेर टाकणारं प्रथिन असतं. प्रयोगशाळेत फ्लोराईडची मात्रा चढवत नेऊन मिळवलेल्या एका वाणात या प्रथिनांच्या जनुकांअलीकडचं डीएनएचं एकच अक्षर बदललेलं आढळलं, आणि तेवढ्याने ही जनुकं जोरात चालू लागली. यात ‘रोध’ कुठे आहे? हे निष्कासन झालं. (‘म्यूटन्स’ नावाचं या बदलाशी काही देणंघेणं नाही. क्लार्क यांनी 1924 साली हे नाव दिलं ते आकार पाहून: गोल जंतू थोडे लांबट दिसले, म्हणून ते नेहमीच्या स्ट्रेप्टोकॉकसचं बदललेलं रूप असावं असं त्यांना वाटलं.)

मराठीत यासाठी शब्द नाही असं नाही. ‘ताप औषधाला दाद देत नाही’ असं आपण म्हणतोच. मग ‘फ्लोराईडला दाद न देणारे जीवाणू’ म्हणायला जीभ का अडखळावी? आणि ‘दाद’ काय खानदानी शब्द आहे पाहा. फारसीत दाद म्हणजे न्याय. त्यामागे प्राचीन फारसीतला ‘दात’, म्हणजे कायदा. तो प्राचीन इराणचा सम्राट दारयवहू (डरायस) याच्या शिलालेखात आहे. (आपल्या तोंडातल्या दाताशी त्याचा संबंध जोडू नये, तो दंत.) ‘दाद’ आपण ‘देतो’, म्हणून तो ‘दा’ धातूतून आला असं ठासून सांगणारे विद्वान भेटतात. त्यांची फसगत समजण्यासारखी आहे, कारण फारसीत ‘दाद’चा दुसरा अर्थ खरोखरच ‘दिलं’ असा आहे. पण इराणी भाषांत ध चा द झाला, त्यामुळे संस्कृतातले दा आणि धा तिथे एकाच रूपात मिसळले. न्यायवाली दाद ‘धा’ची, म्हणजे ठेवणं, घालून देणं. संस्कृतात त्याच धा चं ‘हित’ होतं. म्हणजे दाद आणि ‘विहित’ सख्ख्या नात्यातले! ‘दाद मागणे’त न्याय अजून शाबूत आहे. दाद देणं म्हणजे फिर्याद ऐकून घेणं, आणि ती न ऐकणारा तो दाद न देणारा. मैफलीतली वाहवा ही त्याच शब्दाची दुसरी शाखा.

यावर हमखास आक्षेप येईल की जंतू फ्लोराईडचं ऐकतो. ते खरं आहे. येल विद्यापीठातल्या ब्रेकर यांच्या गटाने 2012 साली दाखवलं, की अनेक जीवाणूंत आरएनएचा एक तुकडा फ्लोराईडला पकडतो आणि मग त्याला हाकलणारी जनुकं चालू होतात. पण ही दखल झाली, दाद नव्हे. दखल अरबी, मूळ अर्थ प्रवेश. फ्लोराईड आत शिरल्यावरच हे सगळं घडतं, तेव्हा इथे ती मूळ अर्थानेही चपखल बसते.

एक राहिलं. दाद न देणाऱ्या जंतूंचं नाव काढून फ्लोराईड निरुपयोगी ठरवणाऱ्यांसाठी: त्याचं मुख्य काम जंतू मारणं नाहीच, दाताच्या कवचातून गेलेली खनिजं परत बसवायला मदत करणं हे आहे, आणि तिथे जंतूची परवानगी लागत नाही.

परिभाषेत एकशब्दी विशेषण हवंच असेल तर ‘प्रतिरोधी’ लिहा. ‘प्रतिरोधक’ तेवढा टाळा.